मानेवाड्यातली डोलकाठी

समुद्र इथून किती लांब, हे विचारणारे
दिवसाला दोन तरी भेटतात.
मी सांगते, ट्रकने दोन रात्री.
समुद्र मी दोनदाच पाहिलाय,
दोन्ही वेळा लग्नाला गेले होते.

होडी अकरा फुटांची. पोर्चमध्ये बांधली.
प्लायवूडचा एक तुकडा आधी
डाळीच्या कुकरमध्ये तासभर उकळला,
पदर सुटले नाहीत तेव्हा दुकानदाराला पैसे दिले.
पण नुसती होडी म्हणजे मोठी परात.
तिला वाऱ्याशी बोलायला लावतात त्या दोऱ्या
आणि दोऱ्या मला कळतात.
एकवीस वर्षं अजनी शेडमध्ये
क्रेनच्या तारांना डोळे पाडले:
पदर उलगडायचे, उलटे ओवायचे, ठोकून बसवायचे.
साहेब म्हणायचे, कुंभलकरबाई,
तुमचा डोळा कधी निसटत नाही.

डोलकाठी म्हणजे पडलेल्या होर्डिंगचा पाइप,
भंगारातून, किलोच्या भावाने.
तिला तीन ताण. दोन बाजूंना, एक नाळेकडे.
वर कप्पी. कप्पीतून शीड चढवायची दोरी.
खाली दामण, जी हातातच ठेवायची,
कुठेही बांधून टाकायची नाही.

शीड शिवलं मोमिनपुऱ्यात, इद्रीस ताडपत्रीवाल्यांनी.
"उम्रभर वारा आत शिरू नये म्हणून शिवलं, बाई.
आता तो थांबावा म्हणून शिवू?"
मग फरशीवर खडूने झोल आखला,
लांब जाऊन पाहिला, पुसला,
आणि चार बोटं कमी करून पुन्हा आखला.

रविवारी गल्लीत काठी उभी केली.
होडी हातगाडीवर, चाकाला वीट.
केबलची तार आडवी येत होती;
रामटेके वायरमन बांबूने ती उचलून
उभा राहिला, विडी ओठात तशीच.
शीड वर गेलं. लोंबलं.
कोणीतरी म्हणालं, चादर वाळत घातली का?

तेवढ्यात रिंग रोडकडून आला,
धूळ आणि भाजक्या शेंगदाण्यांचा वास घेऊन.
कापडाला पोट आलं. ताण वाजले.
वीट सरकली.
"हे तं चालून राहिली ना बे!"
रामटेके बांबू सोडून पळाला,
तार टोकाला घासली, आणि भोजराजचा पोरगा
गच्चीवरून ओरडला,
"ढील द्या काकू! अंगावर आली का ढील द्या!"
संक्रांतीला चौदा पतंगा कापलेला पोरगा.
मी दामण सोडली.
शीड फडफडलं, रिकामं झालं.
होडी किराणा दुकानाच्या पायरीशी थांबली.
नऊ पावलं. मी मोजली.

रात्री देवगडला फोन केला.
देवगड ते विजयदुर्ग, किनारा उजव्या हाताला ठेवून,
एवढंच माझ्या डोक्यात आहे.
नऊ पावलांचं ऐकून तांडेल हसला नाही.
म्हणाला, "शीड ल्हान करूची सोय ठेवलंस?
वारो अंगार इलो काय मगे सुचाचा नाय."

ठेवली नव्हती.
पुन्हा मोमिनपुरा. शिडावर आडव्या दोन रांगा,
प्रत्येक रांगेत सहा भोकं, प्रत्येक भोकात वीतभर नाडी.
ती अंधारात बांधता आली पाहिजे, ओल्या हातांनी.
म्हणून रोज रात्री न्हाणीत दिवा मालवून
बादलीत हात बुडवते आणि
नळाला बांधते, सोडते, बांधते.
बाहेरून नवरा विचारतो,
काय करून राहिली तू आत?
वारा वाढलाय, मी सांगते.
तो जरा थांबतो.
"मग, जेवायला वेळ लागंल?"

गुरुवारी ट्रक.
ड्रायव्हर म्हणाला, काठी मागून चार फूट बाहेर येते,
टोकाला लाल चिंधी बांधा, नाहीतर पावती फाडतात.
चिंधी इद्रीसभाईंच्या मशीनखालची.
मी सवयीने पक्की गाठ मारली.
मग सोडली,
आणि एका झटक्यात सुटेल अशी मारली.